बिनधास्त विचारा : पोरांच्या मोबाईलआधी मोठ्यांचा मोबाईल बघा

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त मोबाईलवर आहेत आणि उरलेल्यांतही कुठून तरी मोबाईल घुसलेलाच आहे. मी समुपदेशक वगैरे नाही हे परत सांगते, दोन पोरांची आई आहे आणि तोंड बंद ठेवता येत नाही एवढीच माझी पात्रता. पटलं तर घ्या.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. घरी आला की मोबाईल, जेवताना मोबाईल, काढून घेतला तर ताटावरून उठतो. शाळेचा होमवर्क व्हॉट्सॲपवर येतो म्हणून पूर्ण बंदही करता येत नाही. काय करावं? (एक बाबा, चिंचवड)

आधी एक सांगा, तो जेवत असतो तेव्हा तुमचा फोन कुठे असतो? पत्रात मुलाबद्दल सगळं लिहिलंय, अगदी तो कोणता गेम खेळतो तेपण, पण तुम्ही ऑफिसातून आल्यावर काय करता याबद्दल एक ओळ नाही. रागावू नका, अशी पत्रं मला खूप येतात आणि सगळ्यांत हीच ओळ गायब असते.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे 2022 साली गावाने ठरवलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार आणि साडेआठपर्यंत घराघरात टीव्ही, मोबाईल बंद. पेपरात तेव्हा बरंच आलं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं ते "पोरं अभ्यासाला बसली" याचं, पण मला त्यातली वेगळी गोष्ट आवडली. भोंगा वाजला की टीव्ही आईचाही बंद होतो, मालिका मध्येच सोडून उठायचं! नुसता पोरांसाठी भोंगा असता ना तर आठवड्यात बंद पडला असता, कारण पोरं मूर्ख नसतात, त्यांना कळतं कोणता नियम खरा आणि कोणता फक्त आपल्यासाठी.

आता चिंचवडच्या सोसायटीत भोंगा लावला तर सेक्रेटरी नोटीस काढेल, त्यामुळे ते सोडा. जेवायच्या वेळी सगळ्यांचे फोन हॉलमध्ये एका चार्जिंग पॉइंटपाशी ठेवायचे, तुमचाही, आणि "ऑफिसचा कॉल येऊ शकतो" हे कारण चालणार नाही, रिंग हॉलमधून ऐकू येते. पहिले काही दिवस तो उठून जाईल, जाऊ दे, भूक लागली की येतो. ताट झाकून ठेवायचं आणि विषय काढायचा नाही. होमवर्कचं म्हणाल तर पालकसभेत चार आईबापांनी मिळून बोला की वहीत लिहून द्या. एकट्याने बोललात तर तुम्ही कटकटे, चौघांनी बोललात तर ती सूचना असते.

त्या ऑस्ट्रेलियाचंही विचारलंय तुम्ही, की तिकडे डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आतल्या मुलांना सोशल मीडियावर अकाऊंट ठेवता येत नाही, मग आपल्याकडे का नाही. आपल्याकडे 2023 च्या डेटाच्या कायद्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायला पालकांची परवानगी लागेल असं लिहिलेलं आहे की. पण परवानगी देणारे कोण, आपणच ना! पोरगा मागे लागला म्हणून स्वतः शेजारी बसून जन्मसाल खोटं टाकून अकाऊंट काढून देणारे आईबाप माझ्या ओळखीत भरपूर आहेत. तेच मग "सरकार काही करत नाही" म्हणतात.

प्रश्न : आमचे मामंजी फॅमिली ग्रुपवर दिवसभर राजकारणाचे फॉरवर्ड टाकतात. चुलतसासरे दुसऱ्या पक्षाचे, ते उलटं टाकतात. मागच्या महिन्यात दोघांचं एवढं वाजलं की चुलतसासरे ग्रुप सोडून गेले, आता लग्नाची पत्रिका द्यायला कोण जाणार यावर घरात चर्चा चालू आहे. मी सून, मी काय बोलणार? (कोल्हापूर)

अगं, हे घरोघर आहे. जून 2022 ला एक पक्ष फुटला, जुलै 2023 ला दुसरा फुटला, तेव्हापासून महाराष्ट्रात कोण कुणाच्या बाजूला आहे हे कार्यकर्त्यांनाही पाठ करावं लागतंय आणि आपले काका-मामा मात्र जुन्या निष्ठेने भांडतायत. 5 जुलै 2025 ला वरळीत उद्धव आणि राज ठाकरे इतक्या वर्षांनी एका स्टेजवर आले की नाही? पहिलीपासून हिंदीचा जीआर सरकारने मागे घेतल्याचा तो मेळावा होता. ते दोघे चुलतभाऊ भेटले. आता त्यांच्यापायी तोंडं फिरवून बसलेल्या चुलतभावांची किती घरं अजून तशीच असतील याचा विचार कर. नेत्यांचं जुळतं गं, ग्रुप सोडलेल्या काकांना परत ॲड करायला कुणी येत नाही.

पत्रिका द्यायला मामंजींनीच जायचं. तू फक्त "तुमच्या हातून दिलेली बरी दिसेल" एवढं सासूबाईंच्या कानावर घाल, पुढचं त्या बघतील.

पण फॉरवर्डचा प्रकार मी हसण्यावारी नेणार नाही. राजकारणाचे फॉरवर्ड एक वेळ परवडले, मला भीती वाटते ती "आपल्या भागात असे असे लोक फिरतायत, सावध राहा" वाल्या मेसेजची. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. त्याआधी काही दिवस तसले मेसेज मोबाईलवर फिरत होते. ते पुढे पाठवणारे सगळे गुंड नव्हते, त्यात आपल्या मामंजींसारखे काळजीवाले लोकही असणारच, ज्यांना खरंच वाटलं की आपण चार लोकांना सावध करतोय. त्याच वर्षी व्हॉट्सॲपने आपल्याकडे एका वेळी पाच चॅटपेक्षा जास्त फॉरवर्ड बंद केलं आणि 2020 पासून मेसेजवर दोन बाण दिसले तर तो एका वेळी एकाच चॅटला जातो. मामंजींना ते दोन बाण दाखवायचे, सांगायचं की हा मेसेज कुणी ओळखीच्याने लिहिलेला नाही, शंभर हात फिरून आलाय. तू सांगू नकोस, नातवंडाला सांगायला लाव. आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर कधीही नाही, चारचौघांत चूक काढली की वडीलधारी माणसं दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकतात!

प्रश्न : लाडकी बहीणचे पैसे आल्यापासून आमच्याकडची कामवाली सारखी दांड्या मारते. सरकार फुकट वाटून बायकांना आळशी करतंय असं स्पष्ट मत आहे. तुमचं मत छापाल का? (नाशिक)

छापते की. महिन्याला 1500 म्हणजे दिवसाला 50 रुपये. त्यात आळशी होऊन दाखवा. योजना जुलै 2024 ला आली आणि नोव्हेंबरात विधानसभा झाली, म्हणजे टायमिंग कशासाठी होतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, 2100 करू म्हणाले होते त्याचं काय झालं हेही विचारलंच पाहिजे, तिजोरीचा प्रश्न तर आहेच, यावर तुम्ही लिहिलं असतं तर मी तुमच्या बाजूने बोलले असते. पण तुमचा राग तिजोरीवर नाहीये, दांडीवर आहे. तिला महिन्यातून ठरलेल्या भरपगारी सुट्ट्या देता का ते पुढच्या पत्रात कळवा.

प्रश्न : नातीच्या जन्मदाखल्यावर सूनबाई म्हणते मधे तिचंही नाव लागणार. असं कधी असतं का? (सातारा)

असतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असाच महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. सूनबाई बरोबर आहेत, नातीचे पेढे राहिलेत ते पाठवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात माणूस, म्हणे तुमच्या आधारवर सिम घेऊन मनी लाँडरिंग झालंय, तुम्ही डिजिटल अरेस्ट आहात, खोलीतून उठायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. मी घाबरून बसून राहिलो. लाईट गेली, वायफाय बंद पडलं, कॉल तुटला म्हणून वाचलो. मुलगा पुण्याला असतो, त्याला सांगितलेलं नाही, तो हसेल. (चिपळूण)

सर, लाईट जाण्याचा एवढा फायदा पहिल्यांदाच ऐकला! पण तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच. कुठलेही पोलीस, सीबीआय, कोर्ट व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि "चौकशीसाठी" पैसे ट्रान्सफर करायला सांगत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्येही हे सांगितलं होतं. असा कॉल परत आला तर सरळ कट करायचा. समोरच्याशी उद्धट बोललो का याचा विचार करायचा नाही, तुमच्या पिढीचं तेच होतं, वर्दी दिसली की आवाज खाली.

आणि "कुणाला सांगायचं नाही" हे ते का सांगतात बघा. त्यांना माहीत असतं की घरात म्हाताऱ्या माणसाला मोबाईलवरून सतत बोलणी बसतात, "बाबा, कशाला दाबलंत ते", "आई, तुला कितीदा सांगितलं". बोलणी खाणारा माणूस लपवतोच आणि यांचा सगळा धंदा त्या लपवण्यावर चालतो. त्यामुळे पुण्यातल्या चिरंजीवांना माझा निरोप आहे की हसायचं असेल तर फोन ठेवल्यावर हसा.

1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. पैसे गेले तर लगेच फोन करायचा, जितका लवकर कराल तितकी ते खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा बॅलन्स बघताना लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही, म्हणून "पैसे मिळतील, पिन टाका" म्हणणारा चोर समजायचा. आणि मुलाला आजच फोन करा, रविवारची वाट बघू नका, कारण असले लोक एकदा उचललेला नंबर सोडत नाहीत, ते परत करतील.