मोठ्या मॉडेल जेटचे फ्लॅप: रुळांआधी बिजागरीचा बिंदू शोध

तुझा प्रश्न थोडक्यात असा. हॉक या प्रशिक्षण जेटचं १:५ मॉडेल, हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या रंगात, टर्बाइनसकट (छोट्या जेट इंजिनासकट) वजन १४ किलोच्या आत. फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली येणारे पंखाच्या मागच्या कडेचे तुकडे, नुसते वाकणारे नकोत, मागे सरकत खाली येणारे आणि पंखाशी फट उघडणारे हवेत. त्यासाठी २ मिमी ॲल्युमिनियमच्या पट्टीत वक्र खाच कापून रूळ केलेस. टेबलावर उजवा फ्लॅप छान हलतो, डावा अर्ध्यावर अडकतो. आता रूळ नव्याने कापून घेऊ, की जास्त ताकदीचा सर्व्हो (फ्लॅप हलवणारी छोटी मोटर) लावू?

सर्व्हो अजिबात मोठा करू नकोस. अडकणारी यंत्रणा जोरावर हलवली, की ती बाकावर हलते आणि हवेत तुटते. आणि रूळ नव्याने कापण्याआधी एक संध्याकाळ कागद-पेन्सिलीला दे. माझ्या मते तुला रुळांची गरजच नाही.

पंखाचा त्या जागचा छेद पूर्ण मापात काढ. त्यावर बंद फ्लॅप काढ आणि पूर्ण उघडलेला फ्लॅप तुला जिथे हवा तिथे काढ. आता फ्लॅपचं पुढचं टोक आणि मागचं टोक, दोन्हींच्या आधीच्या आणि नंतरच्या जागा रेषेने जोड. त्या दोन रेषांचे लंबदुभाजक काढ. ते जिथे छेदतात, त्या एका बिंदूभोवती फिरवला तर फ्लॅप बंद स्थितीतून थेट उघड्या स्थितीत जातो. दहावीच्या भूमितीतलीच ही गोष्ट, पण अख्खी रचना तिच्यावर उभी राहते. तो बिंदू पंखाच्या खाली हाताशी आला, तर तिथे एक बिजागरी लावायची आणि काम संपलं.

तो किती खाली येईल, हेही आधी कळतं. फ्लॅपचं पुढचं टोक जितकं सरकवायचं तितकं अंतर घे आणि त्याला फिरण्याच्या कोनाच्या अर्ध्याच्या साइनच्या दुपटीने भाग. ४० अंश फिरवायचा आणि टोक २५ मिमी सरकायला हवं असेल, तर २५ भागिले ०.६८, म्हणजे साधारण ३७ मिमी. तुझ्या पंखाची तिथली जाडी बघता ब्रॅकेट, म्हणजे बिजागरी धरणारी पट्टी, पंखाखाली दोन-अडीच सेंटीमीटर लोंबेल. एवढं चालतं, छोट्या फेअरिंगमध्ये (निमुळत्या टोपणात) झाकताही येतं. पण त्याच ४० अंशांत ६० मिमी मागे सरकवायचं म्हटलं, तर बिंदू ८८ मिमी दूर जातो. तेव्हा मात्र रूळ किंवा चार दांड्यांची जोडणी, दुसरा मार्ग नाही. प्रवासी विमानाचं मोठं मॉडेल करणाऱ्यांना रुळांत शिरावं लागतं ते यासाठी. तुझ्या हॉकला एवढं अंतर लागत नाही.

एक बिजागरी म्हणजे कमअस्सल काम, असं मनातही आणू नकोस. १९६३ साली उडालेल्या बोइंग ७२७ला तीन फटींचे, रुळांवर सरकणारे फ्लॅप होते. डग्लसने डीसी-९ला पंखाखाली बाहेर लोंबणाऱ्या बिजागऱ्याच दिल्या. आणि ज्याचं पहिलं उड्डाण २०१३ मध्ये झालं, त्या एअरबस ए३५०लाही खाली सोडलेल्या बिजागरीचाच फ्लॅप आहे. मोठमोठ्या डिझाइनरांनी विचार करून घेतलेला निर्णय आहे तो.

आता डावा फ्लॅप का अडकतो ते. तुझ्या फोटोत रूळ रिबना, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्यांना, चिकटवलेले दिसतात. रिब विमानाच्या लांबीला समांतर आहेत, आणि पंखाची मागची कड तिरकी आहे. फ्लॅप फिरतो तो त्या तिरक्या रेषेभोवती, म्हणून रूळ किंवा ब्रॅकेट त्या रेषेला काटकोनात उभे राहायला हवेत. रिबला समांतर लावलेस की प्रत्येक रूळ फ्लॅपला जरा वेगळ्या दिशेने ओढतो. उजव्या बाजूला खाचा थोड्या सैल कापल्या गेल्या असतील, म्हणून तिथे ते खपून गेलं. डावीकडे कापणाऱ्याने खाच अचूक कापली आणि चूक उघडी पडली. म्हणजे तुझा डावा फ्लॅप खरं सांगतोय. उजव्यावर विश्वास ठेवू नकोस.

दुसरं कारण, तू फ्लॅप फक्त आतल्या टोकाने ढकलतो आहेस. पावसाळ्यात लाकडी खण एका कोपऱ्याने ओढला की तिरका होऊन जाम होतो, तेच इथे होतं. पुढेमागे कधी रुळांचं मॉडेल केलंस, तर एका आडव्या नळीवरून दोन्ही रूळ एकदम चालव. ८ मिमी बाहेरच्या व्यासाची कार्बन नळी पुरते, तिच्यावर दोन सारखे हॉर्न (ढकलणारी दांडी जिथे जोडतात ते छोटे हात). रुळात घासणारी पिन न ठेवता ३ मिमी भोकाचं ६८३ बेअरिंग टाक. त्याचा बाहेरचा व्यास ७ मिमी, खाच ७.१.

बिजागरीकडे परत येतो, कारण सगळी कारागिरी इथेच आहे. फ्लॅप ४० सेंटीमीटर लांब आहे, त्याला तीन ब्रॅकेट दे. तीनही भोकं एकाच सरळ रेषेत हवीत, अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोटांना जाणवतो. मापं घेऊन हे जमत नाही. मी असं करतो: तीनही ब्रॅकेट पंखावरचे आणि फ्लॅपवरचे, सगळे, ३ मिमीच्या एकाच सरळ पोलादी तारेत ओवतो. तार ताणून जिगवर (जुळणीच्या साच्यावर) पक्की बसवतो आणि मग एपॉक्सी लावतो. ब्रॅकेट आपापल्या खाचेत जिथे बसायचे तिथे बसू देतो, त्यांना दाबत नाही. ३० मिनिटांचं एपॉक्सी घे, ५ मिनिटांचं नको, कारण तारेवर सगळं नीट सरकवायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी तार काढायची आणि प्रत्येक ब्रॅकेटला स्वतंत्र स्क्रू व नायलॉक (आपोआप सैल न होणारा) नट घालायचा. फ्लॅप स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. न पडला, तर कुठलं ब्रॅकेट अडतं ते शोधून भोक रीमरने साफ कर, फाइलने वाढवू नकोस.

ब्रॅकेटला ॲल्युमिनियमपेक्षा २ मिमी जी-१० ग्लास शीट (काचतंतू आणि एपॉक्सीचा कडक पत्रा) मला आवडते. एपॉक्सी तिला धरतं, ॲल्युमिनियमवरून सुटतं. ठाण्यात वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईत रबाळेला सीएनसी राउटरवाले (संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापणारे) छोटं काम घेतात, फक्त डीएक्सएफ फाइल (नकाशाची फाइल) मिलिमीटरमध्येच आहे हे तोंडीही सांग. माझे एकदा बारा ब्रॅकेट इंचाच्या हिशोबात कापून आले होते. नट, बोल्ट आणि बेअरिंगसाठी मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट, अजूनही. आपल्या खाडीच्या हवेत साधी पोलादी पुशरॉड (सर्व्होपासून फ्लॅपपर्यंतची दांडी) एका पावसाळ्यात तांबारते, म्हणून स्टेनलेस किंवा टायटॅनियम घे.

फटीबद्दल. फ्लॅप पूर्ण खाली असताना पंखाची वरची कड आणि फ्लॅपचं नाक यांत पंखाच्या कॉर्डच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या) एक ते दोन टक्के अंतर ठेव. तुझ्या ३६ सेंटीमीटरच्या कॉर्डला ५ मिमीच्या आसपास. खालून येणारी हवा त्या फटीतून वेगाने वर येते आणि फ्लॅपच्या पाठीवरचा प्रवाह चिकटून ठेवते, त्यासाठी फ्लॅपचं नाक गोल आणि गुळगुळीत हवं. फट फार मोठी झाली तर तो फायदा जातो आणि नुसतं भोक उरतं. वरची कड ०.८ मिमी प्लायची करून आतून ग्लासचा एक थर दे, नाहीतर दमट हवेत ती लाटेसारखी वळते आणि फ्लॅपला घासते.

आता सर्व्होचा हिशोब. फ्लॅप ४० गुणिले ८ सेंटीमीटर. उतरताना वेग सेकंदाला २५ मीटर धरला, तर हवेचा दाब साधारण ३७५ पास्कल, म्हणजे फ्लॅपवर जोर १२ न्यूटन, सव्वा किलोच्या आसपास. तो बिजागरीपासून ५ सेंटीमीटरवर लागतो असं मी धरतो, म्हणजे ६ किलो-सेंटीमीटर. सोपं वाटतं ना? पण घाईत ४५ मीटरच्या वेगाला फ्लॅप सोडलास, तर जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तेच २० होतात. म्हणून २५ ते ३० किलो-सेंटीमीटरचा, धातूच्या गिअरचा सर्व्हो.

त्याहून महत्त्वाची पुशरॉडची मांडणी. फ्लॅप पूर्ण खाली असताना सर्व्होचा हात आणि पुशरॉड जवळजवळ एका सरळ रेषेत आण. मग हवेचा धक्का गिअरच्या दातांवर येत नाही, सर्व्होच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. शिवाय त्या स्थितीत सर्व्हो दोन अंश इकडेतिकडे झाला, तरी फ्लॅप जागचा फारसा हलत नाही, त्यामुळे डावा-उजवा आपोआप सारखे राहतात.

सारखे राहणं यावर मी हट्टी आहे. १९७९ मध्ये शिकागोला उड्डाण घेताना एका डीसी-१०चं डावं इंजिन उखडलं, हायड्रॉलिक नळ्या तुटल्या आणि डाव्या पंखाच्या पुढचे बाहेरचे स्लॅट (पुढच्या कडेवरच्या सरकत्या पट्ट्या) हवेच्या दाबाने आत गेले. उजवे बाहेरच राहिले. विमान डावीकडे कलंडलं आणि २७३ माणसं गेली. माझ्या मॉडेलवर काही वर्षांपूर्वी, मुरबाडकडच्या माळावर उतरताना, डाव्या फ्लॅपचा हॉर्न सुटला. फ्लॅप हवेने वर गेला, उजवा पूर्ण खाली, आणि विमान डावीकडे वळू लागलं. मी लगेच फ्लॅपचा स्विच वर केला, उजवा एलरॉन (विमान कलवणारी पंखाची झडप) पूर्ण देऊन धरून ठेवलं, थ्रॉटल वाढवला. फ्लॅप वर येईपर्यंतचे चार सेकंद अजून अंगावर येतात. विमान वाचलं. तो हॉर्न फक्त चिकटवलेला होता. तेव्हापासून हॉर्नखाली जी-१०ची पट्टी आणि आरपार दोन एम-३ बोल्ट, हे मी प्रत्येकाला करायला लावतो. तूही कर. आणि एक फ्लॅप गेला की दुसरा वर घ्यायचा, हे सिम्युलेटरवर हाताला लागेपर्यंत कर.

हॉकचं एक खास. खऱ्या विमानाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत, चाकं वर आणि फ्लॅप पूर्ण खाली असताना, फ्लॅपमागून खाली वाहणारी हवा शेपटीवर आदळून शेपटीचा ताबा जात होता आणि नाक खाली जात होतं. नंतरच्या काही आवृत्त्यांवर शेपटीच्या पुढे, धडाच्या दोन्ही बाजूंना लहान पंखुड्या दिसतात, त्या याच त्रासावरचा उपाय आहेत. तुझ्या मॉडेलवर हे किती जाणवेल ते पहिल्या उड्डाणातच कळेल. म्हणून पहिल्यांदा फ्लॅप खाली घेशील तो चाकं बाहेर काढून, भरपूर उंचीवर, आधी १५ अंश, मग २५, आणि फ्लॅप चार सेकंदांत सावकाश उतरेल असा वेग ट्रान्समीटरवर ठेवून. ४० पहिल्या दिवशी नकोच. ऐरोली-ठाण्यात उडवायचा विचार करू नकोस. मुंबईचा आणि आता उलव्याचा (नवी मुंबईचा), अशा दोन विमानतळांच्या मध्ये आपण आहोत. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा हवाई नकाशा बघ.

पंखाचं खालचं कातडं अजून लावू नकोस. आधी पंख उलटा ठेवून फ्लॅप पूर्ण उघड, आणि फ्लॅपच्या खालच्या, आता वर आलेल्या बाजूवर डाळीच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या पसरून ठेव. अडीच किलो, म्हणजे उतरण्याच्या जोराच्या दुप्पट. सर्व्होला वीज देऊन दहा मिनिटं तसंच राहू दे. कोन बदलला, सर्व्हो गुणगुणत गरम झाला किंवा एखादं ब्रॅकेट वाकलं, तर ते आत्ताच दिसेल.

छेदाचा कागद झाला की फोटो टाक, लंबदुभाजकांसकट. ३ मिमीची सरळ तार माझ्याकडे आहे, ठाण्याला आलास तर घेऊन जा.