बेळगावात घरामागची जमीन मुरमाड आणि दगडगोट्यांची आहे, भाजीपाला कसा करावा?

तुमची जागा दहा बाय बारा फूट, वीतभर खाली पहार ठणकते आणि सगळे दगड उपसायचा तुमचा विचार आहे. तो आधी सोडा. मुरमात दगड संपत नाहीत. जितकं खणाल तितके वर येतात. मुठीपेक्षा मोठे तेवढे काढा, बारीक खडे राहू द्या. गवार, भेंडी, मिरची, वांगी यांना त्यांचा त्रास नाही. सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे मात्र वेचून काढा. नव्या घराच्या परसातले निम्मे ‘दगड’ कंत्राटदाराचेच असतात.

वळीव पडून मुरूम भिजला की टिकावानं सहा इंच फक्त फोडा. ही पायरी टाळून वर माती ओतली, तर जुलैच्या झडीत पाणी कठीण थरावर अडतं आणि मुळं कुजतात. फोडल्यावर फूटभर खड्डा काढून दोनदा पाण्यानं भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार तासांनीही तसंच असेल, तर उताराकडं चर काढावाच लागेल.

मग चार बाय दहाचे दोन वाफे, मध्ये दोन फूट वाट. निघालेले दगड कडेनं नऊ इंच उंच रचा, सिमेंट लावू नका, फटींतून पाणी निघायला हवं. एका वाफ्याला साधारण साठ घमेली लागतात: चाळीस माती, वीस कुजलेलं शेणखत, शिवाय दोन किलो निंबोळी पेंड. पहिल्या पावसात माती बसते, म्हणून दहा-बारा घमेली जादा ठेवा. शेणखत कच्चं असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आलीच; हातात घेतल्यावर वास आणि ऊब, दोन्ही नकोत.

तांबड्या मातीत चुना टाका असं कुणीही सांगेल. माती तपासल्याशिवाय टाकू नका. अथणीकडच्या चुनखडीच्या जमिनीत तर नकोच. मातीवर लिंबू पिळून फेस आला, की चुनखडी आहे असं समजा.

मृगावर भेंडी, गवार, वांगी. दोडका, काकडी वाफ्यात नको. कुंपणाकडच्या उरलेल्या पट्ट्यात दीड फुटाचं आळं करून दोन घमेली खत घाला. मेथी, कोथिंबीर, नवलकोल पाऊस ओसरल्यावर. गाजर, मुळा पहिल्या वर्षी नको, खडा लागला की मुळाला फाटे फुटतात. हवाच असेल तर एका कोपऱ्यात फूटभर चाळलेली माती भरा.

मुरमातून खत लवकर वाहून जातं, म्हणून ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी पडतात. लोक त्याला रोग समजून फवारे मारत सुटतात. एक किलो शेंगदाणा पेंड दहा लिटर पाण्यात चार दिवस भिजवा, दहापट पाणी घालून पंधरवड्यानं बुंध्याशी ओता. उन्हाळ्यात पिंजर किंवा उसाचा पाला तीन इंच पसरा. वाळवी दिसली तर बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा.