पंधरातले नऊ दिवस गेले

भाड्याच्या घराच्या अंगणात कोंबडीची चार पिल्लं आणली, घरमालक तोंडी ‘हो’ म्हणाले. पाच महिन्यांनी त्यातलं एक आरवायला लागलं, शेजारी तक्रार घेऊन गेले आणि मालकांची नोटीस आली. थोड्याफार फरकाने असंच लिहिलेली पत्रं मला नेहमी येतात. तुम्ही परवान्याबद्दल, शेजाऱ्यांच्या हक्काबद्दल आणि फ्रान्समधल्या निकालाबद्दल विचारलंत. नोटिशीचा फोटो मात्र शेवटी जोडलात, आणि सगळं त्याच्यावरच ठरणार आहे.

त्यातलं वाक्य पुन्हा वाचा: नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कराराचा भंग दूर न केल्यास करार संपेल. तुम्ही नऊ दिवस शेजाऱ्यांशी भांडण्यात घालवलेत. हातात सहा उरले. मुदत ‘मिळाल्यापासून’ मोजायची असली तरी पाकिटावरची तारीख आधी बघा आणि शेवटच्या दिवसावर विसंबू नका.

भंग म्हणजे फक्त कोंबडा नव्हे. करारात ‘लेखी पूर्वपरवानगीशिवाय प्राणी वा पक्षी पाळू नयेत’ असं आहे, म्हणजे तिन्ही तलंगाही (तरुण कोंबड्या) त्यात आल्या. तेव्हा चौघांनाही या आठवड्यातच ओळखीच्या कुणाकडे हलवा. तारखेसह फोटो काढा, आणि भंग दूर केल्याचं लेखी उत्तर पोच घेऊन मुदतीच्या आत द्या. त्याच पत्रात कोंबड्याशिवाय तीन कोंबड्या ठेवण्याची परवानगी मागा. अंडी मिळायला कोंबडा लागत नाही. तो लागतो पिल्लांसाठी. तुम्हाला अंडीच हवी होती, मग त्याच्यासाठी घर पणाला का लावायचं?

‘अंडी मिळाली, छान आहेत’ हा मालकांचा मेसेज जपून ठेवा, पुसू नका. माहीत असूनही त्यांनी भाडं घेतलं, असा मुद्दा त्यावरून मांडता येईल. पण एकदा दुर्लक्ष केलं म्हणून हक्क सुटत नाही, असं कलम बहुतेक करारांत असतं. तुमच्या करारात ते आहे का, हे पूर्ण प्रत पाहिल्याशिवाय सांगणार नाही. तोंडी परवानगीवर दावा लढवायचा तर साक्षीपुराव्यापर्यंत पोचायलाच वर्षं जातात. ती पहिल्याच दिवशी दोन ओळींत लिहून घेतली असती तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं.

फ्रान्समधला मॉरिस नावाचा कोंबडा २०१९ मध्ये खटला जिंकला हे खरं. पण तो वाद शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारीचा होता, भाडेकराराचा नव्हे. आणि इंग्लंडमध्ये १९३६ साली लीमन विरुद्ध माँटेग्यू या खटल्यात पहाटेच्या आरवण्याला न्यायालयाने उपद्रवच मानलं होतं. तिथे कोंबडे शेकड्यांनी होते, म्हणून तोही दाखला तुम्हाला तंतोतंत लागू नाही. शेजाऱ्यांचं काय होईल ते प्रमाण, वेळ आणि परिसर यांवर ठरेल. परवान्याचं स्थानिक प्रशासनाकडे विचारा. नियम जागेप्रमाणे बदलतात.

खुराड्यावर जाड कापड टाकण्याचा विचार सोडा. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की आरवण्याची वेळ कोंबड्याच्या शरीरातलं घड्याळ ठरवतं. उजेड दिसला नाही तरी तो पहाटे आरवतोच.

परवानगी मिळाली तर ती लेखी हवी, आणि संख्या त्यात आकड्यात हवी. तोपर्यंत एकही पक्षी परत आणू नका. कराराची सगळी पानं उद्याच पाठवा.