एक लाख दहा हजारांची जुनी रायफल: आधी रेंजवर तपासा, मग एफडीकडे बघा

प्रश्न थोडक्यात: इचलकरंजीच्या एका वाचक ताईंची मुलगी नववीत आहे. दहा महिन्यांपासून ती क्लबच्या रायफलवर 10 मीटर एअर रायफलचा सराव करते. 60 गोळ्यांचा तिचा सरासरी स्कोअर 585 आहे. क्लबमधला एक सीनियर नेमबाज आपली वॉल्थर एलजी 300 रायफल 1,10,000 रुपयांना विकतोय. तिच्या हवेच्या सिलिंडरवर 2013 सालचा शिक्का आहे. घरात दोघांचं मिळून महिना 58,000 येतात. घराचा हप्ता 12,500 आणि घरखर्च 31,000. आरडीत महिना 5,000 जातात, क्लबची फी आणि पेलेट (एअर रायफलच्या गोळ्या, 500 चा डबा 1,500 ला) मिळून सध्या 3,500. एफडी 1,60,000 ची आहे आणि पुढच्या महिन्यात 60,000 ची आरडी पिकते. एफडी मोडावी, की सोनं तारण ठेवावं? आणि 28,000 चं नेमबाजीचं जॅकेट-पॅन्टही घ्यावं का?

ताई, नमस्कार.

रायफल घ्यायला माझा विरोध नाही, पण 1,10,000 ला नको, आणि सगळी एफडी मोडून किंवा सोनं ठेवून तर मुळीच नको.

पैशांआधी स्कोअरचं बोलू. 585 म्हणजे गोळीमागे 9.75. या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा असतो. गुण दशांशात मोजतात: अचूक मध्याला 10.9, आणि तिथून दर पाव मिलिमीटरला 0.1 गुण कमी होतो. म्हणजे तुमच्या लेकीची गोळी मध्यापासून सरासरी 3 मिमी बाजूला जाते. ठीकठाक मॅच रायफलचा स्वतःचा दोष याच्या निम्म्याहूनही कमी असतो. तेव्हा रायफल बदलली की स्कोअर उडी मारेल, असं धरून चालू नका. खरा फायदा वेगळा आहे. क्लबची रायफल चार मुलं वापरतात. रोज कुणीतरी बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गाल टेकायचा भाग) हलवतं, आणि मुलीचा निम्मा सराव जुनी मांडणी पुन्हा जमवण्यात जातो. स्वतःच्या रायफलवर ही मांडणी कायम राहते. त्यासाठी पैसे खर्चणं मला पटतं.

आता तपासणी. क्लबच्या कोचना सोबत घ्या आणि विक्रेत्याकडे दोन दिवस मागा. एका संध्याकाळीत हे होत नाही, कारण गळती कळायला रात्र जावी लागते.

सिलिंडरपासून सुरुवात करा. बऱ्याच जर्मन सिलिंडरची मुदत 10 वर्षांची असते. 2013 चा शिक्का असेल तर ती संपलेली आहे. स्पर्धेत शस्त्रतपासणीच्या वेळी असा सिलिंडर अडवला जाऊ शकतो, आणि प्रचंड दाबाची हवा भरलेला जुना सिलिंडर मुलीच्या चेहऱ्याजवळ असावा, हे मला सुरक्षिततेच्या दृष्टीनेही मान्य नाही. म्हणून या रायफलची तपासणी मुदतीत असलेल्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या सिलिंडरवर करा. क्लबमध्ये तो उसना मिळतो का ते विचारा. भरताना हवा सावकाश सोडा. भरल्यावर सिलिंडर गरम असतो, तो थंड झाला की त्याच्यावरचा दाबाचा काटा थोडा उतरतो. ती गळती नव्हे. तासाभराने आकडा लिहून ठेवा, रायफलला जोडून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा वाचा. काटा उतरला असेल तर भरलेला सिलिंडर सुटा करून पुन्हा रात्रभर ठेवा. सुटा असताना काटा स्थिर राहिला, तर गळती रायफलमध्ये आहे. ती बहुधा ओ-रिंगची (हवा अडवणाऱ्या रबरी कडीची) असते आणि स्वस्तात निघते. या ओ-रिंगला शिवणयंत्राचं किंवा गाडीचं तेल कुणालाही लावू देऊ नका. दाबाखालच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. इथे सिलिकॉन ग्रीसच चालतं.

दुसऱ्या दिवशी क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून 20 गोळ्या झाडा. वेग सेकंदाला 165 ते 180 मीटरच्या आसपास असावा आणि सगळ्यात वेगवान व सगळ्यात हळू गोळीत 4 मीटरहून जास्त फरक नसावा. मग रायफल अर्धा तास तशीच ठेवून पुन्हा एक गोळी झाडा. ही पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा 5 मीटर किंवा जास्त वेगाने गेली, तर रेग्युलेटरचं (दर गोळीला ठरावीक दाब देणाऱ्या भागाचं) सीट झिजलंय. विश्रांतीत दाब आत झिरपतो. 10 मीटरवर एवढ्या फरकाने गोळी साधारण 1 मिमी वर लागते, म्हणजे 0.4 गुण गेले. खरेदीच्या वेळी हा दोष हमखास निसटतो, कारण लोक सलग दहा गोळ्या मारतात, ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) छान येतो आणि सौदा होतो.

ग्रुप बघायचा तर रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून कोचनी मारावी, मुलीने नाही. तिचा हात हलला की दोष कुणाचा ते कळत नाही. पेलेटच्या डोक्याची मापं 4.49, 4.50 आणि 4.51 अशी येतात. प्रत्येक मापाच्या दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप कागदी टार्गेटवर घ्या. एका गोळीचं भोकच साडेचार मिलिमीटरचं असतं, त्यामुळे दहा गोळ्यांचं मिळून झालेलं भोक बाहेरून 8 मिमीच्या आत बसलं तर बॅरल चांगली. एकाही मापात ते जमत नसेल, तर फेल्टने (लोकरीच्या बोळ्यांनी) बॅरल साफ करून पुन्हा बघा. तरीही विस्कटत असेल तर तिथेच थांबा. बॅरल बदलून हा सौदा परवडणार नाही.

मागच्या डायॉप्टरची (नेम धरायच्या, डोळ्याजवळच्या भोकाच्या चकतीची) चौकट-चाचणी करा. पाच गोळ्या मारा, 20 क्लिक वर, पाच गोळ्या. 20 उजवीकडे, 20 खाली, 20 डावीकडे, दर वेळी पाच गोळ्या. शेवटचा ग्रुप पहिल्यावरच बसला पाहिजे. नाही बसला तर स्क्रूमध्ये ढिलाई आहे. चीकपीस आणि बट प्लेटचे सगळे ॲलन स्क्रू सोडून परत घट्ट करून बघा, आटे गेलेले असतात. आणि बट सगळ्यात आखूड केल्यावर मुलीच्या खांद्याला बसते का, हे तिच्याकडून बघून घ्या.

आता हिशेब. तुमचा घरखर्च आणि हप्ता मिळून 43,500. यंत्रमागाच्या गावात मंदी आली की पगार लांबतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तीन महिन्यांचे 1,30,500 एफडीत राहिलेच पाहिजेत. उरले 29,500, त्यात आरडीचे 60,000. म्हणजे तुमच्या हातात साधारण 90,000 आहेत. नव्या सिलिंडरचे मी 30,000 धरलेत. विकत घेण्याआधी लेखी कोटेशन मागवा. म्हणून या रायफलला तुमची शेवटची बोली 60,000. रेग्युलेटरचा दोष निघाला, तर दुरुस्तीचा खर्चही यातूनच वजा करा. विक्रेता स्वतः मुदतीतला सिलिंडर देत असेल, तर 90,000 पर्यंत जा.

सोनेतारण का नको? 50,000 घेतले आणि वर्षात फेडायचे म्हटलं तर मुद्दलच महिना 4,167. पुढची आरडी सुरू ठेवून आज तुमच्याकडे 6,000 शिल्लक राहतात खरे, पण स्वतःची रायफल आली की सराव वाढतो. आठवड्यातले पाच दिवस, रोज 70 गोळ्या, म्हणजे महिन्याला 1,500. 500 चे तीन डबे. तुम्ही लिहिलेल्या 1,500 रुपये भावाने 4,500, वर क्लबची फी 2,000. खर्च 3,500 वरून 6,500 होतो आणि शिल्लक 3,000 वर येते. त्यात हप्ता मावत नाही. तुम्ही विचारलेलं 28,000 चं जॅकेट-पॅन्टही याच शिल्लकीतून, नऊ-दहा महिन्यांनी घ्या. तोवर क्लबचं जॅकेट वापरू द्या; या वयात उंची वाढते आणि महागडं जॅकेट दोन वर्षांत आखूड होतं.

2024 ला पॅरिसमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ जिंकल्यापासून कोल्हापूर भागात रायफलींना मागणी आहे, म्हणून विक्रेता 1,10,000 वर अडून बसू शकतो. बसू द्या. बारावी झालेली मुलं दरवर्षी रायफली विकायला काढतात, आणि तोवर कोचना विनंती करून मुलीसाठी क्लबची एकच रायफल ठरवून घ्या. बट प्लेट आणि चीकपीसची मापं वहीत लिहून ठेवली तरी सरावातली बरीच ओढाताण कमी होईल.

सौदा झालाच तर पैसे बँकेतून द्या. 4.5 मिमीच्या, 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, आणि ही साधारण 7.5 ज्यूलची आहे. तरी मूळ बिल, आयातीची कागदपत्रं, रायफल आणि सिलिंडर दोन्हींचे क्रमांक लिहिलेली पावती आणि विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. तीन वर्षांनी तुम्हाला ती विकायची झाली, तर समोरचा हेच कागद आधी मागेल.