आटे जुळले म्हणजे वॉल्व्ह बसला असं नाही

वाचकांचे प्रश्न : पाण्याखालचं साहित्य

माझे मामा मस्कतला नोकरीला होते. त्यांचं ॲल्युमिनियमचं स्कूबा सिलिंडर आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करून ती तोंडाशी आणणारं यंत्र) आता माझ्याकडे आलंय. सिलिंडरच्या खांद्यावर 5 आणि 87 असे आकडे ठोकलेले आहेत, मध्ये एक चिन्ह आहे. वॉल्व्ह गळतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले ओळखीचे टर्नर म्हणतात, पितळेचा नवा वॉल्व्ह करून देतो. दिवाळीनंतर मालवणला जाऊन हवा भरून घ्यायचा विचार आहे. चालेल का? (एक वाचक, राजारामपुरी)

नाही चालणार. वॉल्व्ह बनवूनही घेऊ नका आणि त्या सिलिंडरमध्ये हवाही भरू नका.

उद्यमनगरच्या हाताबद्दल मला शंका नाही. नौदलातून निवृत्त होऊन मी इथे रेग्युलेटर दुरुस्तीचं टेबल मांडलं, तेव्हा फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडायचा भाग, खोलायचे खास पाने मी तिथल्याच लेथवर करून घेतले, आजही तेच वापरतो. पण पाना सटकला तर फार तर बोटं सोलवटतात. सिलिंडरचा वॉल्व्ह सटकला तर काय होतं, याचा हिशेब तुमच्या टर्नरसमोर बसून करा. साधारण 25 मिमी व्यासाचं भोक आणि आत 207 बार दाब, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण दोनशे पट. म्हणजे वॉल्व्हच्या बुडावर सुमारे एक टनाचा रेटा, आणि तो अडवून धरणारे फक्त आटे.

आता आट्यांचंच बघा. स्कूबा सिलिंडरच्या मानेत जगभर मुख्यतः दोन प्रकारचे आटे आढळतात. एक मेट्रिक, एम 25, ज्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 2 मिमी. दुसरा अमेरिकन पद्धतीचा पाऊण इंची, इंचाला 14 आटे, म्हणजे पिच साधारण 1.8 मिमी. मेट्रिक वॉल्व्ह पाऊण इंची मानेत फिरवला तर तो काही आटे आत जातो. थोडा सैल वाटतो, पण जातो. ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रबरी कडी, दबते, गळतीही थांबते, आणि बघणाऱ्याला वाटतं की बसला. मग भरताना दाब वाढत जातो आणि वॉल्व्ह गोळीसारखा सुटतो. अशा चुकीच्या जोडीने परदेशात माणसं जखमी झाली आहेत. तुमच्या टर्नरकडे थ्रेड गेज असेल, तो फरक ओळखेलही. पण धातूचा दर्जा, दाबाची चाचणी आणि मंजुरीचा शिक्का लेथवर निघत नाही.

वॉल्व्हपेक्षा मला त्या 87 ची जास्त काळजी वाटते. तुमच्या वर्णनावरून ती पहिल्या चाचणीची तारीख आहे, मे 1987. त्या काळातली बरीच ॲल्युमिनियमची सिलिंडरं 6351 नावाच्या मिश्रधातूची असत. या धातूत सतत दाबाखाली राहिल्याने मानेच्या आट्यांमध्ये आणि खांद्यात बारीक चीर धरते आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. बहुतेक वेळा आधी गळती लागते, पण काही सिलिंडरं फुटली आहेत, आणि तीही बरेचदा भरताना, म्हणजे कॉम्प्रेसरजवळ माणूस उभा असताना. अमेरिकेत स्कूबा सिलिंडरसाठी हा धातू 1980 च्या दशकाच्या अखेरीस थांबला, इतर देशांतल्या काही कारखान्यांत त्यानंतरही काही वर्षं चालू राहिला. पाण्याच्या दाबाच्या नेहमीच्या चाचणीत ही चीर हमखास सापडतेच असं नाही. म्हणून अमेरिकेत 2007 पासून अशा सिलिंडरांच्या दर पाच वर्षांच्या तपासणीत मानेची एडी करंट चाचणी (विजेच्या प्रवाहाने धातूतली चीर शोधणारी) सक्तीची आहे. तुमचा वॉल्व्ह गळतोय असं तुम्ही लिहिलंय. गळती वॉल्व्हमधूनच आहे की मानेतून, हे पाहिलंय का?

कायद्याचंही बघायला हवं. आपल्याकडे गॅस सिलिंडर रूल्स 2016 लागू आहेत. पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेची मंजुरी नसलेलं सिलिंडर, किंवा तसा वॉल्व्ह लावलेलं सिलिंडर, भरायला परवानगी नाही. पेसोचं मुख्यालय नागपुरात आहे. मस्कतहून सामानात आलेल्या सिलिंडरवर ही मंजुरी असण्याची शक्यता फार कमी. मालवणचा जबाबदार डायव्हिंग केंद्रचालक ते हातात घेऊन परत करेल. कुणी न बघता भरून देत असेल, तर त्याच्याकडे डायव्हिंग करू नका.

मामांची आठवण म्हणून ठेवायचं असेल तर वॉल्व्ह हळूहळू पूर्ण उघडा, सगळी हवा जाऊ द्या आणि मग जाणकाराकडून वॉल्व्ह काढून घ्या. भंगारात द्यायचं असेल तर आधी कापून द्या, कापलेले तुकडे पुन्हा जोडता येणार नाहीत असे. अख्खं दिलंत तर ते पॉलिश होऊन दुसऱ्याच्या पाठीवर जाईल.

रेग्युलेटरचं मात्र तसं नाही, त्याला वाचवता येईल. सिलिंडरला जोडायच्या तोंडावरचं धुळीचं झाकण काढून आतला बारीक जाळीचा फिल्टर बघा. हिरवट असेल तर खारं पाणी आत शिरलंय, तांबूस असेल तर कुठल्यातरी लोखंडी सिलिंडरचा गंज आलाय. मग झाकण पुन्हा घट्ट लावा आणि माउथपीसमधून हवा ओढा. काहीच यायला नको. हवा आली तर डायफ्राम (आतला रबरी पडदा) किंवा उच्छ्वासाची रबरी झडप फाटली आहे. पुढचं काम सर्व्हिसवाल्याचं. तो मधल्या दाबाचा, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून बाहेर येणाऱ्या हवेच्या दाबाचा, गेज लावेल. बहुतेक मॉडेलमध्ये काटा 9 ते 10 बारच्या आसपास येऊन थांबतो. पर्जचं, म्हणजे हवा मोकळी सोडायचं, बटण दाबून सोडलं की काटा खाली जाऊन परत त्याच जागी येऊन थांबला पाहिजे. तो हळूहळू वर सरकत राहिला, तर आतली सीट, म्हणजे हवा अडवणारी बैठक, गेली आहे. सीट आणि ओ-रिंगा कंपनीच्या किटमधल्याच घ्या. हायड्रॉलिकच्या दुकानातली ओ-रिंग मापाला बसली, तरी तिचा कडकपणा आणि रबराची जात वेगळी असू शकते. त्या मॉडेलचं किटच मिळत नसेल तर रेग्युलेटर कपाटात शोभेला ठेवा.

मी ओळखीतून सेकंडहँड डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली किती वेळ राहता येईल ते दाखवणारं यंत्र) आणि रेग्युलेटरचा जाळीदार वेष्टणाचा होज, म्हणजे हवेची नळी, घेतला. त्या कंपनीचा काही रिकॉल निघाला तर मला कळेल का? (एक वाचक, इचलकरंजी)

आपोआप कळणार नाही. कंपनी ज्याच्या नावावर नोंद आहे त्याला किंवा दुकानदाराला कळवते, आणि तुम्ही त्या यादीत नाही. मॉडेल आणि सिरीयल नंबर वहीत लिहा, कंपनीच्या वेबसाइटवर आणि अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या यादीत तपासा. वस्तू जुनी आहे म्हणून सोडून देऊ नका. युवाटेक कंपनीचे अलाडिन एअर एक्स नायट्रॉक्स (नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा) कॉम्प्युटर 1990 च्या दशकाच्या मध्यावर बनले आणि परत बोलावले गेले 2003 मध्ये. डायव्हर वर आल्यावर साधी हवा घेतो, पण हा कॉम्प्युटर तो नायट्रॉक्सच घेतोय असं धरून चालायचा. त्यामुळे शरीरातला नायट्रोजन खऱ्यापेक्षा लवकर गेल्याचं दाखवायचा. मधल्या वर्षांत कितीतरी लोक त्या आकड्यावर विश्वास ठेवून दुसऱ्यांदा पाण्यात उतरले असतील.

होजबद्दल : काही जाळीदार होजांच्या आतल्या अस्तरात उष्ण हवामानात स्फटिक धरतात आणि हवेची वाट अडते. डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने याबद्दल इशारा दिलेला आहे. बाहेरून होज नव्यासारखा दिसतो. कधी घेतला हे मूळ मालकाला सांगता येत नसेल तर सरळ बदला. होजच्या किमतीत जीव टांगणीला लावायचं कारण नाही.

2021 च्या पुरानंतर आमच्या गावातल्या बचाव पथकाला कुणीतरी स्कूबाची जुनी जॅकेटं आणि दोन रेग्युलेटर दान दिले. ग्रामपंचायतीच्या खोलीत पडून आहेत. या पावसाळ्यात वापरावेत का? (एक वाचक, शिरोळ तालुका)

पुरात नकोच. स्कूबाचं जॅकेट हवा भरून किंवा सोडून पाण्यात वर-खाली राहायला असतं, ते लाइफ जॅकेट नाही. बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर धरून ठेवेल याचा भरवसा नसतो. पंचगंगेच्या किंवा कृष्णेच्या वाहत्या गढूळ पाण्यात स्कूबा लावून उतरणं हे वेगळ्या प्रशिक्षणाचं काम आहे. दान देणाऱ्याचं मन मोठं आहे, पण या साहित्यामुळे तुमच्यातला एखादा तरुण उत्साहाने उतरेल, याची मला खरंच भीती वाटते.

खोलीला कुलूप लावा आणि त्यावर ‘बचावासाठी नाही’ असा कागद चिकटवा. पथकासाठी प्रमाणित लाइफ जॅकेटं, फेकायचे दोर आणि हेल्मेटं मागा. दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक जॅकेटचे पट्टे आणि बकलं ओढून बघा, शिवण उसवली असेल ते बाजूला काढा. स्कूबाची जॅकेटं तलावात पोहणं शिकवणाऱ्या प्रशिक्षित माणसाला हवी असतील, तर आधी तोंडाने फुगवून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी मऊ पडलं तर गळतंय. मग सिलिंडर जोडून फुगवायचं बटण दाबून सोडायला सांगा. बटण अडकून हवा येतच राहिली, तर इन्फ्लेटर, म्हणजे हे बटण असलेला हवा भरायचा भाग, बदलल्याशिवाय ते जॅकेट कुणाच्याही अंगावर चढू देऊ नका.