आजोबांचे हात काय करत होते?

बाळ,
अनेक आशीर्वाद.

नौदलात स्वयंपाकी असलेले तुझे आजोबा सांगायचे, 1971 च्या युद्धात कॉक्स बाजारला, आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर, डोळ्यांदेखत दहा-बारा जवान बुडाले. छापील इतिहासात दोन गुरखा जवान बुडाल्याची नोंद आहे. आणि मामा म्हणतो, ते गॅलीत, जहाजाच्या स्वयंपाकघरात, भात शिजवत होते, त्यांनी कुठून पाहिलं? एवढ्यावरून तू आजोबांबद्दल लिहिणंच थांबवलंस. हे मला अजिबात पटलेलं नाही.

आजोबांचा आकडा आजोबांच्या नावावर लिही, नोंदीतला नोंदीच्या नावावर. लाटांत धडपडणारी माणसं पाहणारा ती मोजत बसत नाही. पण आकड्याच्याही आधी हे लिही, की त्या वेळी त्यांचे हात काय करत होते.

1971 च्या डिसेंबरात पाकिस्तानी सैन्य आराकानच्या वाटेनं ब्रह्मदेशात निसटू नये म्हणून आपले जवान किनाऱ्यावर उतरवायचे होते. ते कलकत्त्याहून 'विश्व विजय' या व्यापारी जहाजानं आले आणि 'घडियाल' व 'गुलदार' या नौदलाच्या जहाजांवर घेतले गेले. आता विचार कर. आपल्या खलाशांपुरती बेतलेली गॅली, आणि अचानक एवढी तोंडं वाढली. त्यांना काय वाढलं? पातेली जागेवर कशी राहिली? चहा तरी पुरला का? हे कुठल्याही इतिहासकाराला ठाऊक नाही, ते फक्त तुझ्या आजोबांना ठाऊक होतं. आणि मामा त्यांना 'नुसते कुक' म्हणतो!

माझे बाबा 'गुलदार'वर होते, मागच्या नांगराच्या विंचवर, म्हणजे त्याचा तारदोर सोडायच्या-ओढायच्या यंत्रावर. ही जहाजं मुद्दाम वाळूवर चढवायची असतात. किनारा जवळ आला की मागचा नांगर टाकायचा, तारदोर सोडत पुढं जायचं, पुढची दारं उघडून फळी उतरवायची, आणि माणसं उतरली की त्याच तारदोरावर जहाज मागं ओढून काढायचं. बाबा आम्हाला हौदात परात सोडून हे दाखवायचे. मागची कड दोन बोटांत धरायचे, "हा नांगर." मग पाणी हलवायचे. सपाट तळ म्हणून ती वाळूवर बसते, आणि सपाट तळ म्हणूनच जरा लाट आली की लोळते. त्या लोळण्यानं बाबांना उलट्या व्हायच्या, आणि तसेच ते विंचवर उभे राहायचे.

हे मी लिहिलं तेव्हा आमचे काका भडकले. लढाईवर गेलेल्या माणसाच्या उलट्या लिहितात का? ओळ काढून टाक म्हणाले. मी काढली नाही. घरात बराच काळ अबोला झाला, तरी नाही. आजही काढणार नाही. ज्यानं तोंड पुसून पुन्हा लिव्हरवर हात ठेवला, त्याचं शौर्य मी आणखी कुठं शोधू? काकांना 'पूर्वी स्टार' हे युद्धाचं पदक हवं होतं, ते पेटीत आहेच. ते त्या मोहिमेतल्या सगळ्यांना मिळालं. विंचवरचा हात बाबांचा एकट्याचा होता.

तरी सल आहेच. विंचवर बाबांच्या जोडीला कोण असायचं, त्याचं नाव माझ्याकडे नाही. बाबा त्याला 'आपला केरळवाला' म्हणायचे. ते गेले आणि ते नावही गेलं. म्हणून तुझ्यावर चिडतोय. तुझी आजी अजून आहे, धडधाकट आहे, आणि तू मला आकडे विचारतोस!

तिला "आजोबा युद्धाबद्दल काय म्हणायचे?" असं विचारू नकोस. ती "काही नाही रे" म्हणेल आणि विषय संपेल. सुट्टीवर आले की घरी चूल कोण सांभाळायचं, ते विचार. मोठ्या पातेल्याचा अंदाज हातात बसलेला, चार माणसांचं करताना चुकायचं का? हाताला भाजल्याचे डाग होते का? कामाचं विचार. कामाचं विचारलं की माणसं बोलतात.

त्याच्या जोडीला मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये नौसैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय आहे, तिथं आजीच्या सहीनं अर्ज कर. सर्व्हिस नंबर पेन्शनच्या कागदांवर असेल. कोणत्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत होते, एवढं कळलं तरी मामाचा निम्मा वाद मिटेल.

उरलेल्या निम्म्यासाठी मामाला माझा नंबर दे. पण आजीकडे या रविवारीच जा.