वीझरच्या दुसऱ्या अल्बमविषयी श्रोत्यांचे मत इतके का बदलले?

तुम्ही विचारले आहे की, वीझर या अमेरिकन रॉक बँडचा 'पिंकर्टन' हा अल्बम आधी लोकांना का नावडला आणि पुढे तोच इतका लाडका कसा झाला. माझ्या मते नावडण्याचे मुख्य कारण अपेक्षाभंग हे होते. रिक ओकासेक यांनी निर्मिती केलेला १९९४चा पहिला अल्बम घोटीव, सुरेल आणि खेळकर होता. सप्टेंबर १९९६मध्ये बँडने स्वतःच निर्मिती केलेला दुसरा अल्बम मात्र खरखरीत, कर्कश आणि अस्वस्थ करण्याइतका खासगी निघाला. 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक मासिकाच्या वाचकांनी त्याला त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अल्बममध्ये बसवले.

ज्या उघडेपणाने तेव्हाचे श्रोते दुरावले, त्याच उघडेपणामुळे नंतरच्या तरुण श्रोत्यांना तो जवळचा वाटला. पायावरील शस्त्रक्रियेनंतर हार्वर्डमध्ये एकाकी दिवस काढणाऱ्या रिव्हर्स कुओमो या बँडच्या गायक-गीतकारांनी तो एकटेपणा गाण्यांत जसाच्या तसा उतरवला. 'अक्रॉस द सी' हे गाणे तर जपानमधील एका चाहतीच्या पत्रावरून सुचलेले आहे. त्यातील हताश, चढत जाणारा आवाज मला आजही हलवतो. इमो, म्हणजे भावना उघडपणे मांडणारे रॉक संगीत, वाजवणाऱ्या बँडच्या पुढच्या पिढीने हा अल्बम आपला मानला आणि २०१०मध्ये वीझरने तो मैफलींत संपूर्ण सादर केला.

आक्षेप संपलेले नाहीत. पुच्चिनींच्या 'मादाम बटरफ्लाय' या ऑपेरातील बेफिकीर नायकाचे नाव घेतलेल्या या अल्बममधील जपानी स्त्रियांविषयीचे आकर्षण आज अनेकांना खटकते, आणि ते खटकणे मला रास्त वाटते.